शाबासकी झाली, आता पत्ता सांगा

चुनाभट्टीहून निघालेला सायन-ट्रॉम्बे रस्ता, म्हणजेच व्ही. एन. पुरव मार्ग, चेंबूर पार करून मानखुर्दकडे जातो. हा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा परिसर धरला तर काय काय येतं बघा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन. चेंबूरमध्ये व्हीईएसआयटी आणि शाह अँड अँकर ही दोन इंजिनिअरिंग कॉलेजं. माहुलकडे दोन रिफायनऱ्या आणि आरसीएफ. पुढे अणुशक्तिनगर, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि तिथून जवळच मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. इतक्या कमी अंतरात इतके वैज्ञानिक आणि इंजिनिअर राहतात, कामाला जातात, संध्याकाळी भाजी घ्यायला बाहेर पडतात, असं ठिकाण महाराष्ट्रात सहजी दुसरं सापडणार नाही. आणि सिद्धार्थ कॉलनीतल्या किंवा वाशी नाक्याच्या दहावीतल्या मुलीला विचारा, यांपैकी एका तरी माणसाशी तू कधी बोलली आहेस का? बहुतेक वेळा ती मान हलवून नाही म्हणेल.

हा लेख त्या मुलीसाठी आहे. तिच्या आईवडिलांनी वाचला तर आणखी बरं.

मुली विज्ञान घेत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीत विज्ञान शाखेत शिकणारे ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे वर्गात मुलीच जास्त. इंजिनिअरिंगला मात्र दहात तीनच्या आसपास मुली, आणि प्रयोगशाळेत किंवा प्लांटवर पगारी नोकरीत पोचेपर्यंत ही संख्या आणखी आटते. मधल्या वाटेवर गळती आहे, आणि ती हुशारी कमी पडली म्हणून झालेली नाही. दहावीच्या निकालानंतर प्रत्येक नगरात गुणगौरव होतो, ट्रॉफी मिळते, नगरसेवकांच्या हस्ते वह्या मिळतात, ‘खूप शिक, मोठी हो’ असं चार जण सांगतात. पण कुठे शीक, अर्ज कधी भर, कोणत्या दाखल्याला वेळ लागतो, आणि अडलं तर कोणाला फोन कर, हे सांगणारं त्या मंचावर कोणी नसतं.

भागवतांच्या घरात काय होतं

कमला सोहोनी यांची गोष्ट शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असते. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, आणि सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी अटी घालून, पहिलं वर्ष पारखून बघू अशा बोलीवर, त्यांना घेतलं गेलं. पुढे केंब्रिज, १९३९ मध्ये पीएच.डी., आणि बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद. (आपण दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो रामन यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ. मोठ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.)

ही गोष्ट सांगताना सगळे जिद्दीवर भर देतात. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेही त्याच बंगळूरच्या संस्थेत. म्हणजे ती संस्था कशी आहे, तिथे काय शिकवतात, तिथून पुढे काय होऊ शकतं, हे त्या मुलीला जेवणाच्या पानावर बसून कळत होतं. प्रवेश नाकारला गेल्यावर हा नकार अंतिम नाही हे तिला ठामपणे वाटलं, त्यामागे घरातली ही माहिती होती. संस्थेत गेल्यावर श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे शिक्षक भेटले. जिद्द त्यांची स्वतःची, पण वाट माहीत असलेली तीन माणसं त्यांच्या बाजूला होती.

तुमच्या घरात असा काका नसेल. बारावी होणारी घरातली पहिलीच व्यक्ती तुम्ही असाल, तर असण्याची शक्यताही नाही. मग तो बाहेर शोधावा लागतो. आणि इथेच मुली मागे सरतात, कारण अनोळखी माणसाला काही विचारणं म्हणजे वशिला लावणं, किंवा आगाऊपणा, असं घरात शिकवलेलं असतं. मार्कांशिवाय प्रवेश मागितलात तर तो वशिला. ‘या अभ्यासक्रमाला गणित किती लागतं?’ हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. आनंदीबाई जोशींना अमेरिकेतून आधार देणाऱ्या कार्पेंटरबाई कोण लागत होत्या त्यांच्या? दंतवैद्याकडे थांबल्या असताना त्यांनी एका मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांच्या पत्राविषयी वाचलं आणि पत्र धाडलं, एवढीच ती ओळख.

एकच गुरू शोधू नका

आयुष्यभर हात धरून नेणारा एक मार्गदर्शक मिळेल, या आशेवर बसू नका. तसा फार थोड्यांना मिळतो. प्रत्येक वळणावर वेगळं माणूस लागतं, आणि सर्वांत उपयोगी माणूस बहुतेक वेळा एक-दोन वर्षांनीच पुढे असतं. आठवीतल्या मुलीला दहावीतली ताई, बारावीतल्या मुलीला पहिल्या वर्षाची मुलगी. केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राऊंडमध्ये पसंतीक्रम कसा लावायचा, कुठल्या फेरीला जागा गोठवायची, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर कागद कोणत्या आकाराचे चढवायचे हे गेल्या वर्षी तिने स्वतः केलेलं असतं. मोठ्या शास्त्रज्ञ मॅडमना यातलं काही माहीत नसतं, त्यांना ते विचारूही नका. त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे.

आठवी ते दहावीत पहिलं माणूस म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या बाई किंवा सर. त्यांना दोनच गोष्टी विचारा: प्रयोगशाळा कधी उघडी असते, आणि या वर्षी कोणत्या परीक्षेला मी बसू शकते. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सहावी आणि नववीला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. ती मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांचं मंडळ घेतं. मानखुर्दच्या केंद्राशी तिचं फक्त नाव जुळतं, पण पालक दोन्हींत नेहमी गोंधळ करतात. या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मग स्वतः केलेला प्रकल्प असतो, आणि खरी शिकवण त्या प्रकल्पात होते. त्यासाठी महागडा क्लास लावू नका. घराजवळच्या नाल्याचं पाणी, माहुलची हवा, गच्चीवरचं तापमान, यांवर प्रकल्प करायला चेंबूरसारखी जागा नाही.

अकरावीचा विषय निवडताना एक धोका आहे, त्यावर जरा थांबते. ‘मुलगी आहे, गणित कशाला, बायो घे’ असा सल्ला आजही दिला जातो, आणि देणारं माणूस प्रेमाने देत असतं. राज्याच्या सीईटीतून इंजिनिअरिंगला जायचं तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट लागतो. संख्याशास्त्र, संगणक, डेटाचं काम, भौतिकशास्त्राची पुढची वाट, सगळीकडे गणित आहे. पंधराव्या वर्षी ते सोडलं की ही दारं एकाच दिवशी बंद होतात आणि ते कळतं दोन वर्षांनी. मन पक्कं नसेल तर चारही विषय ठेवा. ओझं वाढतं, पण बारावीनंतर दोन्हीकडे जाता येतं. घरी लवकर कमावणं गरजेचं असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा ही कमी दर्जाची वाट मुळीच नाही. डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि मधल्या काळात नोकरीची दारंही उघडी राहतात. मुलींसाठीच्या संस्था हव्या असतील तर जुहूला एसएनडीटीचं पॉलिटेक्निक आणि उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था आहे. पुण्यात कर्वे संस्थेचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून आहे.

फी हा शेवटचा प्रश्न नाही, पहिला आहे

शिष्यवृत्तीची माहिती ही चांगल्या मार्गदर्शकाची पहिली परीक्षा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत अर्धी होती. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. बऱ्याच पालकांना ‘जवळचं कॉलेज’ म्हणून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घ्यावीशी वाटते. दोन स्टेशनं लांबचं कॉलेज कॅपमधून मिळत असेल तर आधी हिशेब करा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत, पण त्यांचाही अर्ज महाडीबीटीवरच होतो.

याशिवाय एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे: तंत्रशिक्षणातल्या डिप्लोमा किंवा पदवीच्या मुलींना वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. एकाच वेळी दोन योजनांचा लाभ घेण्यावर बंधनं असतात, तेव्हा अर्जाआधी नियम वाचा. साधं बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती: बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलात तर वर्षाला ८० हजार. त्यातले २० हजार उन्हाळ्यात एखाद्या वैज्ञानिकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी असतात. मला ही योजना आवडते ती यासाठी, की पैशाबरोबर ती तुम्हाला एका प्रयोगशाळेच्या दारात उभं करते. केव्हीपीवाय आणि एनटीएसई या शिष्यवृत्ती परीक्षांची नावं अजून क्लासवाले घेतात. त्या दोन्ही बंद पडल्या आहेत.

आणि उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गरजेप्रमाणे जातीचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं बारावीच्या परीक्षेनंतर लगेच मार्गी लावा. निकाल लागला की सेतू केंद्रावर आख्खं उपनगर उभं असतं.

पहिला निरोप कसा लिहायचा

कॉलेजात आलात की प्रश्न बदलतात. आता विषयातलं माणूस हवं. अणुसंशोधन केंद्रात सहज आत जाता येत नाही, सुरक्षा कडक आहे, तेव्हा गेटवर जाऊन उपयोग नाही. पण तिथली माणसं बाहेर भेटतात. कॉलेजात भाषणाला येतात, मराठी विज्ञान परिषदेच्या कार्यक्रमांना असतात, निवृत्त होऊन चेंबूर, देवनार, वाशीच्या सोसायट्यांत राहतात. तुमच्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडमनी पीएच.डी. तिथल्याच कोणाबरोबर केलेली असू शकते; विचारल्याशिवाय कळणार नाही.

निरोप छोटा असू द्या. आयुष्याची कहाणी नको, ‘मला मार्गदर्शन करा’ असं मोघमही नको. मार्गदर्शन करा म्हटलं की समोरच्याला कळत नाही काय करायचं, आणि उत्तर राहून जातं. असं काहीतरी लिहा:

‘नमस्कार मॅडम. मी चेंबूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय भौतिकशास्त्र. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात तुमचं व्याख्यान ऐकलं. त्यात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांबद्दल तुम्ही सांगितलंत. त्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक्स वेगळं शिकावं लागतं की एम.एस्सी.त पुरेसं येतं? तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? वेळ नसेल तर एखादं पुस्तक सुचवलंत तरी चालेल.’

यात तुम्ही कोण, त्यांचं काय ऐकलंत, एकच प्रश्न आणि नाही म्हणायची सोय, एवढं आलं. भाषेची भीती बाळगू नका. चेंबूर आहे, मॅडम तमिळ असण्याची शक्यता बरीच. मग हेच हिंदीत किंवा सोप्या इंग्रजीत लिहा, व्याकरणाचे मार्क कोणी देत नाही. दहाएक दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण करा आणि मग पुढच्या माणसाकडे वळा. राग धरू नका, मनालाही लावून घेऊ नका. उत्तर आलं आणि त्यांनी काही सुचवलं, तर ते करा आणि केल्याचं कळवा. ‘तुम्ही सांगितलेलं पुस्तक वाचलं, चौथं प्रकरण डोक्यावरून गेलं’ असा दोन ओळींचा निरोप गेला की पुढच्या वेळी ते माणूस आपणहून बोलतं. बहुतेक ओळखी या दुसऱ्या निरोपाअभावी विरतात.

एक गोष्ट मात्र ठाम ठेवा. भेट कॉलेजात, ऑफिसात, ग्रंथालयात, दिवसा; आणि घरी किंवा मैत्रिणीला सांगून. मार्गदर्शनाच्या नावाखाली कोणी एकटीला घरी बोलावलं, रात्री-बेरात्री मेसेज केले किंवा शिफारसपत्राच्या बदल्यात काही सूचित केलं, तर ती ओळख तिथेच तोडा, मेसेज जपून ठेवा आणि कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जा. नाव कितीही मोठं असलं तरी.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राबद्दल थोडं सविस्तर, कारण चेंबूरच्या मुलीला ते अक्षरशः शेजारी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं आणि सुरुवातीपासून त्याने मुंबई महापालिकेच्या शाळांबरोबर काम केलं. विद्यार्थ्यांच्या मनात शास्त्रज्ञाचं चित्र कसं असतं, याचा अभ्यास इथल्याच सुग्रा चुनावाला आणि सविता लडगे यांनी १९९० च्या दशकात केला होता. (घरी धाकट्या भावंडाला शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगा आणि काय निघतं ते बघा.) देशातल्या विज्ञान ऑलिंपियाडचं हे मुख्य केंद्र. गणिताच्या बाबतीत हेही माहीत असू द्या की मुलींसाठी स्वतंत्र युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड होते आणि भारत तिला संघ पाठवतो. देशातल्या गणित ऑलिंपियाडच्या परीक्षांमधूनच त्या मुली निवडल्या जातात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम आहे, त्यात वैज्ञानिकांबरोबर प्रत्यक्ष प्रकल्प करता येतो. आणि २०२० पासून ‘विज्ञान विदुषी’: एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी उन्हाळी शाळा, ज्यात व्याख्यानं, प्रयोग आणि संशोधक स्त्रियांशी मोकळ्या गप्पा असतात. देशभरातून मुली अर्ज करतात. तुम्हाला तर एका बसचं अंतर. जानेवारीपासून जाहिरातीवर लक्ष ठेवा. तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे. तिची तारीख मात्र बरीच आधी येते, हिवाळ्यातच.

वाचायला काही हवं असेल तर भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये काढलेलं ‘लीलावतीज् डॉटर्स’ शोधा. भारतातल्या शंभरेक वैज्ञानिक स्त्रियांनी, किंवा त्यांच्याविषयी इतरांनी, लिहिलेले छोटे लेख त्यात आहेत. संपादकांपैकी एक रोहिणी गोडबोले, पुण्याच्या हुजूरपागेच्या मराठी माध्यमातल्या विद्यार्थिनी, आयआयटी मुंबईतून एम.एस्सी., पुढे मुंबई विद्यापीठात आणि मग बंगळूरला कणभौतिकीच्या प्राध्यापक. २०२४ मध्ये त्या गेल्या. लेख इंग्रजीत आहेत, पण सोपे. कोणाला कोणी कधी मदत केली एवढंच पेन्सिलने खूण करत वाचत गेलात तरी बरंच हाती लागेल.

घरच्यांसाठी

मुलीला नवीन लॅपटॉप द्यायला जमलं नाही तरी रात्री आठ ते दहा तिला कोणी उठवणार नाही, एवढं जमवा. पाणी भरणं, पोळ्या, धाकट्याचा अभ्यास हे सगळं तिच्याच वाट्याला असेल तर जेईई काय आणि सीईटी काय. प्रॅक्टिकलमुळे घरी यायला सात वाजतात, हे शेजाऱ्यांना एकदा तुम्ही सांगा, तिच्यावर सोडू नका. आणि ‘नापास झालीस तर लग्न’ हे वाक्य गमतीतही बोलू नका.

नोकरी लागल्यानंतरची अडचण वेगळी, ती मूल झाल्यावर कळते. १९७३ साली मुंबईतल्या काही स्त्री वैज्ञानिकांनी एकत्र येऊन भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना काढली. तिचं वाशीतलं केंद्र मानखुर्दनंतरच्याच स्टेशनवर, खाडी ओलांडली की. या बायकांनी भाषणांबरोबर काय उभं केलं? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. गळती कुठे होते ते त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. करिअरमध्ये खंड पडला असेल आणि परत यायचं असेल, तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेत स्त्री वैज्ञानिकांसाठी फेलोशिप आहेत. चाळिशीतही अर्ज करता येतो.

आणि अणुशक्तिनगरात, देवनारला, टिळकनगरला राहणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मॅडम, तुम्हीही हे वाचत असाल. व्याख्यान नको. शनिवारी दुपारी जवळच्या शाळेत एका वर्गात दोन तास बसा आणि मुलींना काहीही विचारू द्या, पगार किती हेसुद्धा. महापालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि वॉर्डाच्या शिक्षण विभागाकडून परवानगी लागेल का ते विचारून घ्या. चेंबूर एम पश्चिममध्ये येतं, गोवंडी-मानखुर्द एम पूर्वमध्ये. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा पत्र शाळा सुरू होताच, जूनमध्ये द्या. जानेवारीनंतर दहावीचे वर्ग कोणासाठी मोकळे नसतात.